कंबर दुखते आणि तोलही जातो: दोन्हींचा संबंध असतो का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, बैठं काम. आठ महिन्यांपासून कंबर दुखते, मधूनच डाव्या कुल्ल्यात कळ येते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एल ४–एल ५ आणि एल ५–एस १ या दोन ठिकाणी (कमरेच्या तळाच्या मणक्यांमध्ये) 'डिस्क बल्ज', म्हणजे गादी फुगल्याचं लिहिलंय. ऑपरेशनची गरज नाही, असं सर्जनने सांगितलंय. पण हल्ली सकाळी उभ्याने पँट घालताना तोल जातो आणि आरशात पाहिलं की कमरेवरचं अंग उजवीकडे कललेलं दिसतं. कंबरदुखीचा आणि तोलाचा काही संबंध आहे का? आणि सरकलेली गादी परत जागेवर बसेल का?

संबंध आहे. गादीचं म्हणाल तर ती सरकलेलीच नाही, त्यामुळे जागेवर बसवायचा प्रश्न येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बावीस वर्षं मुख्यतः कंबरदुखीचेच पेशंट पाहते. तुमच्यासारखं दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारे कमी असतात. तोल जातो हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ते नकळत भिंतीला टेकून किंवा पलंगावर बसून कपडे घालायला लागलेले असतात. विचारलं की म्हणतात, "हो की, कधीपासून बरं?"

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. तोल जाताना डोकं गरगरत असेल, अंधारात चालताना जास्त अडखळायला होत असेल, दोन्ही तळपाय बधिर वाटत असतील, किंवा हातांनी बटणं लावताना बोटं चुकत असतील, तर कारण कमरेबाहेरचं असू शकतं: कान, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, मानेत दबलेला मज्जारज्जू. ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

कणा म्हणजे शरीराचा खांब, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कमरेपुरतं तरी ते खरं नाही. कण्यात ३३ मणके: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्याखाली ५ मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा ४. कमरेचे पाच मणके सगळ्यात जाडजूड असतात, पण स्नायू काढून टाकून नुसता हाडांचा आणि अस्थिबंधांचा तो सांगाडा उभा केला, तर जेमतेम ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलोच्या भाराला तो वाकून कोसळतो. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून हा आकडा आला. डोकं, दोन हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग होतो. ७० किलोच्या माणसाच्या कमरेवर नुसतं उभं राहतानाही नऊ किलोच्या कितीतरी पट भार असतो. तो तोलला जातो चहूबाजूंच्या स्नायूंच्या ताणावर, तंबूची काठी दोऱ्यांच्या ताणावर उभी राहते तसा. आणि तंबूच्या दोऱ्या एकदा बांधल्या की झालं. कमरेच्या दोऱ्या मात्र क्षणोक्षणी सैल-घट्ट कराव्या लागतात.

कारण माणूस कधीच स्थिर उभा नसतो. आत्ता उठून पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. घोट्यांत बारीक हालचाल चालू असल्याचं लगेच कळेल. शरीराचा गुरुत्वमध्य त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या समोर, ओटीपोटाच्या आत असतो आणि तो पावलांच्या चौकटीत राहावा म्हणून आपण सतत पुढे-मागे डुलत असतो. डुलणं लहान असेल तेव्हा घोटे सावरतात. मोठा झोका आला, जागा अरुंद असली किंवा एकाच पायावर उभं राहायचं असलं, की घोटे पुरत नाहीत; मग खुब्यातून आणि कमरेतून झटकन उलटी हालचाल करावी लागते. अरुंद कठड्यावरून चालणाऱ्या मुलाची कंबर कशी लचकते ते आठवा.

साध्या श्वासानेही तोल किंचित ढळतो. छाती-पोट फुगलं की वजन पुढे सरकतं आणि निरोगी माणसाची कंबर आणि खुबे दर श्वासाला ते इतक्या बेमालूम सावरून घेतात की पायाखालच्या मापनयंत्रावर त्याची फारशी खूणही उमटत नाही. कंबरदुखी असलेल्यांमध्ये ही भरपाई कमी पडते, असं प्रयोगांत दिसलं आहे. कारण सोपं आहे. त्यांनी कंबर धरून ठेवलेली असते.

आता मूळ मुद्दा. कंबर हे इंद्रियही आहे. कण्याला चिकटून मणक्यांना मणके जोडणारा मल्टिफिडस नावाचा खोलवरचा स्नायू असतो. त्यात ताण मोजणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी असते. कंबर किती वाकलीय, कुठल्या बाजूला वळलीय याची खबर मेंदूला मोठ्या प्रमाणावर तिथून मिळते. दुखणाऱ्या कमरेत ही खबर धूसर होते. पेशंटला डोळे मिटून ठरावीक कोनात ओटीपोट आणायला सांगितलं, हलवलं आणि पुन्हा त्याच जागी यायला सांगितलं, तर कंबरदुखीवाले सरासरीने जास्त चुकतात. कमरेकडून येणारी खबर भरवशाची नसल्यामुळे मेंदू घोट्यांवर जास्त विसंबायला लागतो. सपाट जमिनीवर ते खपून जातं. मऊ गादीवर, उतारावर किंवा एका पायावर पँटमध्ये पाय घालताना ते उघडं पडतं.

एका पेशंटचा प्रसंग सांगते. वजन ६८ किलो, तुमच्यासारखंच दुखणं, तुमच्यासारखाच कल. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवून त्यांना एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभं केलं, नजर समोर भिंतीवर. विचारलं, "दोन्ही पायांवर सारखं वजन आहे?" म्हणाल्या, "अगदी सारखं." उजवा काटा ४१ दाखवत होता, डावा २७. त्यांनी खाली पाहिलं आणि काटे बिघडलेत म्हणून स्वतः उतरून त्यांची अदलाबदल केली. आकडे तेच! मग आकड्यांकडे पाहत ३४–३४ करायला सांगितलं. हळूहळू जमवलं आणि लगेच म्हणाल्या, "अहो, आता मी डावीकडे पडतेय." पडत नव्हत्या, सरळ उभ्या होत्या. मेंदूने कललेल्या स्थितीलाच 'सरळ' म्हणून नोंदवून टाकलं होतं. त्या दिवशी मी एकही हाड 'बसवलं' नाही. पुढचे दोन महिने आम्ही ही नोंद दुरुस्त करत होतो.

तुमचा कलही बहुधा असाच आहे. डावी बाजू चिडलेली, म्हणून त्या बाजूचा भार टाळायला शरीर उजवीकडे झुकलं. उसण भरल्यावर माणूस वाकडा चालतो, त्याचीच ही लांबलेली आवृत्ती. मणका वाकडा झालेला नाही, म्हणून कुणी एका झटक्यात 'सरळ करून देतो' म्हणालं तर पैसे वाचवा. कटकन आवाज येतो, तासभर बरं वाटतं, पण मेंदूतली नोंद जिथल्या तिथे.

यात आणखी एक भर पडते. कंबर ज्या बाजूला दुखते त्या बाजूचा मल्टिफिडस बारीक होत जातो. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स यांनी १९९०च्या दशकात सोनोग्राफीने हे मोजून दाखवलं आणि त्यातला खरा धक्का पुढे होता: दुखणं थांबल्यावरही तो स्नायू आपोआप भरून येत नाही. म्हणजे कळ गेली, माणूस कामाला लागला, पण जाणीव आणि बारीक ताबा मागेच राहिला. तो कमी पडतो म्हणून वरचे मोठे लांब स्नायू पुढे येतात आणि अख्खी कंबर फळीसारखी ताठ करतात. पहिल्या चार-आठ दिवसांत हा ताठरपणा उपयोगाचा असतो. आठव्या महिन्यात तो स्वतःच दुखण्याचं कारण झालेला असतो: सतत आवळलेला स्नायू थकतो, सांध्यांवर दाब वाढतो, कंबर हलत नाही म्हणून खबर आणखी धूसर होते, तोल आणखी ढळतो आणि पडू या धास्तीने माणूस आणखी आवळतो.

या संदर्भात माझी एक जुनी चूक कबूल करते. १९९६ साली हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की हात झटकन वर उचलायच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आवळतो आणि कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळतो. निरीक्षण सुरेख होतं. त्यातून जगभर "बेंबी आत ओढा आणि तशीच धरून ठेवा" हा मंत्र निघाला. मीही तो कित्येक वर्षं जपला. पण फरक होता सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांतला, योग्य वेळी आवळून सोडण्याचा. दिवसभर आवळून ठेवण्याचा नव्हे. पुढच्या तुलनांमध्ये हे खास 'कोअर'चे व्यायाम दीर्घकाळात इतर व्यायामांपेक्षा सरस ठरले नाहीत. आता माझ्याकडे पोट आत ओढून येणाऱ्यांना मी आधी ते सोडायला शिकवते. तुम्हीही ओढत असाल तर आजच बंद करा.

आता एमआरआय. दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे तुम्ही म्हणता ती गादी, वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठांना घट्ट जोडलेली असते. ती सरकत नाही. तिचं बाहेरचं कडं फुगू शकतं, फाटू शकतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊ शकतो. तुमच्या रिपोर्टमध्ये पहिली पायरी आहे. १९९४ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांमध्ये किमान एक चकती फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली. त्यात काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीच्या आसपासच्या ८४ टक्के लोकांत फुगवटा होता. तुमच्या वयाला फुगवटा दिसणं यात विशेष काही नाही.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी असा नाही. गुडघ्याखाली पायात कळ उतरत असेल, अंगठा वर उचलायला जोर लागत नसेल (ही बहुधा एल ५ची नस) किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल (एस १ची), तर रिपोर्टमधली जागा आणि तपासणीतली जागा जुळते का हे बघायलाच हवं. तसं असलं तरी घाबरून जाऊ नका. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं आणि जो तुकडा पूर्ण तुटून बाहेर आलाय तो तर जास्तच. तुमची कळ कुल्ल्यापाशी थांबते. तिथवरची कळ सांधे, स्नायू किंवा चकतीच्या कडेतूनही येऊ शकते. बहुसंख्य कंबरदुखीत नेमकी दुखरी रचना कोणती हे खात्रीने बोट ठेवून सांगता येत नाही. 'नस दबली' हे वाक्य मात्र फार सहज फेकलं जातं आणि माणूस ते पुढे दहा वर्षं खांद्यावर वागवतो.

सकाळची पँट हा मात्र तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला तपशील. चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती पाणी शोषून आणि सोडून जगते. रात्री आडवं झाल्यावर ती फुगते, इतकी की सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते. त्या फुगलेल्या, ताणलेल्या अवस्थेत पुढे वाकणं कमरेला दिवसातलं सगळ्यात जड जातं. उठल्यावर पहिल्या दोन तासांत वाकणं टाळल्याने जुनं दुखणं कमी झाल्याचा एक अभ्यास १९९८ मध्येच झालाय. आता तुमची पँट पाहा: सकाळची वेळ, वाकलेली कंबर आणि एक पाय. तिन्ही एकाच वेळी! तेव्हा सध्या पँट बसून घाला. हा पराभव नाही, तात्पुरती सोय आहे. उभ्याने घालणं हीच पुढे तुमची परीक्षा असेल.

मग करायचं काय? पहिले दोन आठवडे फक्त कमरेला जागं करायचं. कडक खुर्चीच्या कडेला बसा, पावलं जमिनीवर, दोन्ही तळहात कुल्ल्यांखाली. बसायची दोन टोकदार हाडं हाताला लागतील. त्यांच्यावरून ओटीपोट हळूच पुढे लोळवा, मग मागे. खांदे, छाती जवळजवळ जागच्या जागी. हालचाल दोन बोटांइतकीच, श्वास चालू. कळ येण्याच्या बरंच अलीकडे थांबा. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा, कामाच्या खुर्चीवरही चालेल. मग तसंच डावीकडे-उजवीकडे, एका हाडावरून दुसऱ्यावर वजन नेत. एका बाजूला हालचाल गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला अडखळत होईल. अडखळणाऱ्या बाजूला जोर लावू नका, हळू जा. पेशंट इथे नेहमी विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच, पण लक्ष देऊन. टीव्ही बघत शंभर वेळा केलं तर फारसा उपयोग नाही.

त्याच काळात दोन वजनकाट्यांचा प्रयोग घरी करा. आकडे बघून वजन सारखं करा, दहा श्वास तसेच राहा, 'पडतोय' असं वाटलं तरी. मग डोळे मिटून सारखं करायचा प्रयत्न करा आणि उघडून बघा. दोन-तीन किलोंचा फरक कुणाचाही असतो, त्याच्या मागे लागू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून वाकायला शिका. एक लांब काठी पाठीवर उभी धरा: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि त्रिकास्थीवर अशी तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल ठेवून, मागे खुर्ची आहे असं समजून कुल्ले मागे न्या. काठी कुठेही सुटली नाही तर वाकणं खुब्यातून होतंय. खूप जणांची पहिल्या प्रयत्नात त्रिकास्थीवरून सुटते. इथे एक खुलासा. कंबर वाकवणं पाप आहे असं मी म्हणत नाही, ती वाकण्यासाठीच आहे. पण आठ महिने सगळं वाकणं कमरेवर आणि सगळं आवळणंही कमरेवर पडलंय, त्यातला वाटा खुब्यांना द्यायचाय. जड उचलताना तर हा फरक मोजता येतो: १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या एल ४–एल ५ चकतीत दाबमापक बसवून पाहिलं, तर नुसतं उभं राहताना दाब ०.५ मेगापास्कल होता. २० किलो पाठ वाकवून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि तेच वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. जाता जाता, त्याच मोजणीत खुर्चीत रेलून सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमी निघाला. बसणं विषारी आहे वगैरे ऐकलं असेल तर ते जरा हातचं राखून घ्या. त्रास एकाच जागी तासन्‌तास बसण्याचा होतो.

एका पायावर उभं राहणं त्यानंतर. भिंतीजवळ, एक बोट भिंतीला, दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीवर नुसता टेकवलेला. ज्या पायावर उभे आहात त्या बाजूचा कुल्ला बाहेर लोंबू देऊ नका. १० सेकंदांपासून ३० पर्यंत जा. मग अंगठा उचला, मग भिंतीवरचं बोट. मग मान हळू डावी-उजवीकडे फिरवा. इथे बरेच जण डळमळतात आणि ते डळमळणंच हवंय. कंबर सावरताना हलली तर चुकलं असं समजू नका. श्वास धरून पुतळ्यासारखं उभं राहणं हे चुकलं. डोळे मिटून करायची घाई मात्र नको.

आणि चाला. हे सगळ्यात कंटाळवाणं उत्तर आहे आणि सगळ्यात भक्कम. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, नुकत्याच कंबरदुखीतून बाहेर आलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत. न चालणाऱ्या गटात निम्म्या जणांचं दुखणं पुन्हा उलटायला ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावरच असतो, हे विसरू नका. आज दहा मिनिटांत कळ येत असेल तर आठ मिनिटांनी थांबा, दिवसातून दोनदा.

पट्टा घालू का, वजन लावून घेऊ का, झोपून राहू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावणं), अल्ट्रासाउंड आणि टेन्स (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणं) हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं म्हटलंय. व्यायाम आणि नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. पूर्ण विश्रांतीबद्दलचा निकाल तर १९८६ सालीच लागला: दोन दिवस पडून राहिलेले सात दिवस पडून राहिलेल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर लवकर परतले. शेकाने बरं वाटत असेल तर खुशाल शेका.

मात्र जांघेत आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला किंवा दोन्ही पायांतला जोर जायला लागला, तर हे लिखाण बाजूला ठेवून त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो. तो चेपला तर वेळ फार थोडा मिळतो. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा कुठल्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची कळ असेल तरी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टर.

सहा ते आठ आठवडे धरा. रोज 'आज किती दुखलं' याची वही ठेवू नका, दुखण्याकडेच लक्ष लागतं. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी तीन गोष्टी लिहा: दोन काट्यांवरचे आकडे, डाव्या पायावर किती सेकंद, उजव्यावर किती. दोन्ही पायांवर २०-२५ सेकंद आरामात जमायला लागले की पँट उभ्याने घालून बघा. आधी दुपारी, भिंतीला पाठ टेकून. सकाळची अगदी शेवटी.